डावी बाजू

ताटाच्या डावीकडे, मिठाच्या खाली,
लिंबाच्या फोडीशेजारी
चमच्याच्या टोकाने वाढायची, एवढीशी.
कोशिंबिरीची जागा आमच्याकडे ठरलेली.
मागितली तर परत मिळायची,
पण मागतं कोण?

या गावाचं नाव हल.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, नांगर.
चिखलाच्या रंगाची नदी, आणि वारा असा
की दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, भांडतात.
श्रीरंग दोन आठवडे समुद्रात, पवनचक्क्यांवर,
दोन आठवडे घरी.
घरी असला की कुकरची तिसरी शिट्टी झाल्याशिवाय
त्याला स्वयंपाक झाल्यासारखं वाटत नाही.
तो नसताना मी ओट्याशी उभ्याने खाते.
काय ते विचारू नका.

शेजारची मॉरीन, वय एक्याऐंशी.
वरची कवळी नवी, खालची जुनी,
दोघींचं पटत नाही.
रेल्वेपलीकडच्या भाड्याच्या वाफ्यातून ती आणते
लेट्युसचे गड्डे, मुळे, बीट, माती न झटकता.
एकदा तिने मला तिचं सॅलड करून दाखवलं:
एक पान, अर्धं उकडलेलं अंडं, टोमॅटोची फोड,
व्हिनेगरात बुडून निघालेली बीटची चकती
आणि बाटलीतलं पिवळट सॅलड क्रीम.
बीटने अंड्याला गुलाबी केलं होतं.
आई दर रविवारी हेच करायची, म्हणाली.
आणि चव?
चव कशाला, सॅलड होतं ते.

मी हसले.
मग आठवलं, आमचंही चमचाभरच.

जुलैत एकोणतीस अंश झाले.
हलमध्ये एकोणतीस म्हणजे लोक दारात खुर्च्या टाकतात
आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आकडा सांगतात.
मॉरीन चार वाकड्या काकड्या घेऊन आली,
मला चावत नाहीत, तूच खा, म्हणाली.

मी काकडी तळहातावर उभी धरली
आणि सुरीने चोचवली,
टक टक टक, गप्पा मारता मारता.
ती गप्पा सोडून माझ्या अंगठ्याकडे बघत होती.

मग हात थांबेना.
मोड आलेली मटकी होती, मायक्रोवेव्हात वाफवली.
कालचे उकडलेले बटाटे, लहान, सालासकट चुरडले.
बीट किसलं. मुळ्याचा पाला चिरला
(साठ वर्षं तो खताच्या ढिगात टाकत आलेली बाई
एकदम गप्प झाली).
दाण्याचं कूट, तिच्यासाठी बारीक.
लिंबू. चिमूटभर साखर. मिरची मोडून.
मीठ नाही, मीठ अगदी शेवटी,
नाहीतर पाणी सुटतं, मी तिला बजावलं.
तिने मला बजावलं, लेट्युस चिरू नकोस, फाड,
सुरी लागली की कड रागावते.

फोडणी मात्र हवीच.
तेल, मोहरी, आणि हिंगाच्या पहिल्या वासाला
छतावरचा धुराचा भोंगा केकाटला.
मॉरीन त्याच्याखाली टी-टॉवेल फडकवत राहिली,
कुणाला तरी बंदरावर निरोप देत असल्यासारखी,
आणि मी चर्र करून फोडणी ओतली
कणकेच्या पातेल्यात, कारण दुसऱ्या कशात मावेना.

दोघींनी त्यातूनच खाल्लं, दोन चमच्यांनी.
ताट नव्हतं,
म्हणून डावं-उजवंही नव्हतं.
खालच्या कवळीनेही तक्रार केली नाही.

शनिवारी श्रीरंग आला.
मी पातेलं टेबलाच्या मधोमध ठेवलं.
त्याने एक घास घेतला. दुसरा.
छान झालंय, म्हणाला. आणि जेवायला काय?

मी पोळी आणली, एकच,
चार घड्या घालून ठेवली
त्याच्या डावीकडे, मिठाच्या खाली.

त्याने पोळीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.
भिंतीपलीकडे मॉरीनचा रेडिओ हवामान सांगत होता.
नंतर बराच वेळ नुसता चमच्याचा आवाज.

मीठ त्या दिवशी मी आधीच घालून बसले होते,
तळाशी गुलाबी पाणी सुटलेलं.
पातेलं तिरकं करून
त्याने ते सगळं प्यायलं.
मिशीला बीट लागलं.
मी सांगितलं नाही.